हा कागद माझ्यासाठी आहे का?

गेल्या पावसाळ्यात आईची रक्तदाबाची गोळी बदलली. नव्या खोक्यात पट्टीबरोबर घडीवर घडी घातलेला एक पातळ कागद होता. उघडत गेले तर उघडतच गेला, दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या अक्षरांनी भरलेला. आई म्हणाली, "काय लिहिलंय ते मराठीत सांग गं." मी वाचत गेले, सांगत गेले. डोकेदुखी, पायांवर सूज, धडधड, त्वचेचे विकार, यकृताचे विकार. अर्ध्या पानाला पोचेपर्यंत आईनं पट्टी खोक्यात परत ठेवली होती. पुढचे दोन दिवस तिनं गोळी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी डोकं जड झालं, रक्तदाब मोजला तर चांगलाच वर गेलेला. डॉक्टरांना फोन केला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "ताई, तो कागद तुमच्यासाठी नाहीच. तो माझ्यासाठी आहे."

मी कागद पुन्हा उघडला. अगदी वरच्या ओळीत इंग्रजीत छापलं होतं की हा मजकूर फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या उपयोगासाठी आहे. ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती, पण मी तिच्यापाशी थांबले नव्हते. शाळेत आपल्याला अक्षरं वाचायला शिकवतात, अवघड शब्दांचे अर्थ पाठ करायला लावतात, लेखकाचा हेतू काय म्हणून पाच गुणांचा प्रश्नही विचारतात. पण लिहिणाऱ्यानं कुणाला समोर धरून लिहिलंय, हे कसं ओळखायचं ते कुणी सांगत नाही. आणि त्यावर कधीकधी एखाद्याची तब्येत अवलंबून असते.

त्या कागदातला एकच शब्द घ्या : 'दुर्मिळ'. औषधांच्या माहितीपत्रकात दुष्परिणामांपुढे 'वारंवार', 'क्वचित', 'दुर्मिळ' असे शब्द येतात. ते बोलीभाषेतले वाटतात, पण त्यामागे ठरलेले आकडे आहेत. 'वारंवार' म्हणजे शंभरातल्या एक ते दहा रुग्णांना होणारा त्रास, 'दुर्मिळ' म्हणजे दहा हजारांत एक ते दहा जणांना होणारा. डॉक्टर तो शब्द वाचतो तेव्हा त्याच्या मनात आकडा उमटतो, आणि त्याच्या शेजारी दुसरा आकडाही : गोळी न घेतल्यास पक्षाघाताचा धोका किती. आईच्या मनात दोन्हीतला एकही आकडा नव्हता. तिला फक्त 'यकृत' ऐकू आलं. कागद खरा होता, माझं भाषांतरही बरोबर होतं, तरी तिच्यापर्यंत पोचलेली गोष्ट चुकीची होती. कारण तो मजकूर पुरा व्हायला वाचकाच्या डोक्यात जे आधीपासून असायला हवं होतं, ते तिच्याकडे नव्हतं. युरोपात एकाच औषधासाठी दोन वेगळे मजकूर लिहावे लागतात, एक डॉक्टरांसाठी आणि दुसरा रुग्णासाठी. रुग्णासाठीचा मजकूर सामान्य माणसांना वाचायला देऊन त्यांना तो नीट कळतो का, हेही तपासून घ्यावं लागतं. हे आपल्याकडे मराठीत व्हावं असं मला मनापासून वाटतं.

गोळ्यांची पट्टी पालथी करून बघा, तळहाताएवढ्या जागेत किती वाचक दाटीनं उभे आहेत. किंमत गिऱ्हाइकासाठी. औषधाच्या नावापुढची 'आय. पी.' ही अक्षरं भारतीय औषधकोशातल्या मानकाबद्दल बोलतात, ती तपासणाऱ्या प्रयोगशाळेसाठी. बॅच नंबर कंपनीसाठी आणि औषध निरीक्षकासाठी, म्हणजे काही बिघडलं तर नेमका तेवढा माल परत बोलावता येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, हा इशारा आहे दुकानदारासाठी. आणि कडेची ती उभी लाल रेघ? ती मात्र तुमच्या-माझ्यासाठी आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध घेऊ नका, एवढंच ती सांगते. तिथे वाक्य न लिहिता रेघ का ओढली, यावर थोडं थांबून विचार केला की लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोण होतं ते दिसायला लागतं.

मजकूर कुणासाठी आहे याची पहिली खूण त्यात काय सांगितलंय यापेक्षा काय सांगायचं सोडलंय यात सापडते. माझ्या आजीच्या वहीत अळूच्या फदफद्याची कृती आहे. ती इतकीच : "अळू शिजवून घोटून घ्यावे. डाळ-दाणे घालावेत. चिंच-गूळ बेताचा. नेहमीची फोडणी." संपलं. किती अळू, किती पाणी, चिंच घातली नाही तर घसा खाजतो की नाही, काही नाही. 'बेताचा' म्हणजे किती आणि 'नेहमीची' म्हणजे कुठली, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठीच ती वही होती. त्या घरात, त्या चुलीपाशी आजीच्या बाजूला बसून मेथीचे चार दाणे कधी पडतात हे ज्या सुनेनं पाहिलं, तिला एवढ्या चार ओळी पुरत. आज न्यू जर्सीतल्या मराठी मुलीसाठी हीच कृती लिहायची तर मोहरी तडतडण्यापासून सुरुवात करावी लागते, आणि चिंच का घालायची याचं कारणही द्यावं लागतं. वाढलेल्या त्या सगळ्या ओळी म्हणजे त्या मुलीचं वर्णनच आहे : ती एकटी आहे, तिच्या स्वयंपाकघरात वजनकाटा आहे, आणि शेजारी विचारायला कोणी नाही.

ही खूण वर्तमानपत्रातही लगेच सापडते. अर्थविषयक बातमीत रेपो दराचा उल्लेख आला की पुढे स्पष्टीकरण असतं : रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो दर. त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर फलंदाज पायचीत झाल्याची बातमी असते, तिथे पायचीत म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. संपादकाच्या मनातला वाचक तिथे उभा राहतो. त्याला क्रिकेट येतं, अर्थकारण येत नाही. प्रत्यक्ष वाचणाऱ्यांत क्रिकेटचं ओ की ठो न कळणाऱ्या, पण बँकेत आयुष्य घालवलेल्या बायका असतीलच. लिहिणाऱ्याच्या मनातला वाचक आणि वाचणारा माणूस या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. हे एकदा ध्यानात आलं की एखादा लेख कळला नाही म्हणून स्वतःला कमी लेखायचं कारण उरत नाही. त्या लिहिणाऱ्यानं आपल्याला समोर धरलेलं नव्हतं, इतकंच.

दुसरी खूण भाषेच्या व्याकरणातच दडलेली असते, आणि या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर मागे एक सूचना लागली होती. पहिलं वाक्य : "आपण सर्वांनी पाणी जपून वापरूया." दुसरं : "आम्ही टाकीची दुरुस्ती हाती घेतली आहे." तिसरं : "आपण देखभाल शुल्क त्वरित भरावे." पहिल्या वाक्यातलं 'आपण' सगळ्यांना एकत्र घेतं. दुसऱ्या वाक्यात समिती वेगळी होऊन उभी राहते. तिसऱ्यातलं 'आपण' हा पुन्हा तोच शब्द असूनही आदरार्थी 'तुम्ही' आहे, आणि तेसुद्धा सगळ्यांना नाही, थकबाकीदारांना. शुल्क वेळेवर भरणारी वरच्या मजल्यावरची काकू ते वाचून उगाच दुखावली. तीन ओळींत तीन वाचक बदलले आणि कुणी सांगितलं नाही, म्हणून तो घोळ झाला. अग्रलेख वाचताना, पुढाऱ्याचं पत्रक वाचताना 'आपण' आणि 'आम्ही' यांच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून बघा. आपल्याला कुठे आत घेतलंय आणि कुठे दाराबाहेर ठेवलंय, हे लख्ख दिसतं.

लिंगही तसंच. "दिवसभर काम करून दमला असाल" आणि "दमल्या असाल", फक्त एका अक्षराचा फरक. आरोग्यावरच्या लेखात 'दमला असाल' लिहून पुढे 'पत्नीला सांगून जेवणात मीठ कमी करा' असं आलं, की लेख कुणासाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. लेखकाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणेल, सगळ्यांसाठी लिहिलंय. त्याच्या क्रियापदानं मात्र खरं सांगून टाकलेलं असतं.

पत्रांचा मायना तर याच कामासाठी घडला. आईवडिलांना 'तीर्थरूप', वडिलांच्या जागी असलेल्या दुसऱ्या थोरांना 'तीर्थस्वरूप', धाकट्याला 'चिरंजीव'. मोडी पत्रांत मोठ्या अधिकाऱ्याला 'स्वामींचे सेवेसी' आणि बरोबरीच्याला 'राजश्री अमुक गोसावी यांसि'. इतिहासाचे अभ्यासक मजकुरात शिरायच्या आधी मायन्यावर थांबतात, कारण कोण कुणाच्या वर आणि कोण बरोबरीचा हे तिथे ठरतं. त्यावरून पुढच्या 'विनंती'चा अर्थ बदलतो. थोराला केलेली विनंती ही विनंती, हाताखालच्याला केलेली तीच विनंती हुकूम असू शकते.

कागदाच्या आधी दगड होते, आणि दगडावर लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न फार गांभीर्यानं घेतला. दगड एकदा कोरला की खोडता येत नाही. 'श्री चावुण्डराजें करवियलें' हे वाक्य आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेत मराठीचा जुना नमुना म्हणून वाचलेलं असतं. ते कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी आहे. पण तीच गोष्ट तिथे कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही कोरलेली आहे, हे आपल्याला क्वचितच सांगितलं जातं. मूर्ती ज्यानं करवली त्याचं नाव तीन भाषांच्या यात्रेकरूंना कळावं, ही ती तजवीज. आपण त्यातली आपली ओळ उचलली आणि तिचा अभिमान बाळगला. शेजारच्या दोन ओळी वाचल्या की कळतं, त्या पायाशी कुठून कुठून माणसं येत असतील.

परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा १२व्या शतकातला शिलालेख मला याहून बोलका वाटतो. दान कुणी दिलं, कसलं दिलं, हा सारा तपशील संस्कृतात आहे. शेवटी शाप येतो, हे दान जो मोडेल त्याच्यासाठी. तो शाप मराठीत आहे. तोही साधासुधा नाही, आईवरून दिलेली, आज छापता येणार नाही अशी शिवी आहे. राजाच्या लेखकाला संस्कृत शाप येत नव्हता असं थोडंच आहे! दानाचा कायदेशीर भाग विद्वानांनी आणि दरबारानं वाचायचा होता. शाप त्याला कळायला हवा होता जो उद्या रात्री बांध सरकवणार होता, आणि तो संस्कृत शिकलेला असण्याची शक्यता कमी.

मग ज्याला मराठीही वाचता येत नाही, त्याचं काय? त्याच्यासाठी त्या दगडांवर चित्र असतं. अशा दगडांना गधेगाळ म्हणतात. कोकणात, देशावर, मुंबईच्या आसपासही ते सापडले आहेत. वर सूर्य आणि चंद्र, म्हणजे आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालेल. मध्ये लेख. आणि खाली गाढव आणि स्त्रीचं, त्याच आईवरच्या शापाचं शिल्प. काही गधेगाळांवर तर लेखच नसतो, नुसतं चित्र. वाचता येणारा मधला भाग वाचेल, न येणारा वरखाली बघेल, आणि दोघांनाही एकच गोष्ट कळेल. त्या शापातला स्त्रीचा अपमान मला आजही टोचतो. बांध मोडणारा पुरुष, आणि धाक त्याच्या आईच्या अब्रूचा. शाप वाचणारा पुरुषच असणार, हेही त्या दगडात गृहीत धरलेलं आहे.

आतापर्यंतची उदाहरणं सरळ होती. लिहिणाऱ्याला एक वाचक हवा होता आणि त्यानं त्याच्यासाठी लिहिलं. पण मराठीत 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण उगाच आलेली नाही. बोलायचं एकीला आणि ऐकवायचं दुसरीला, हे लिहिण्यातही सर्रास चालतं. अनावृत पत्र हा तर त्याचा राजमार्ग. मायन्यात मंत्र्याचं नाव असतं, पण पत्र छापलेलं असतं साऱ्या गावासाठी. मंत्र्यालाच सांगायचं असतं तर पाकिटात घालून पाठवलं असतं.

जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक या दृष्टीनं पुन्हा उघडून बघण्यासारखं आहे. ते १८७३ साली निघालं. अमेरिकेत गुलामगिरी घटनेनं बंद होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. पुस्तक अर्पण केलं आहे अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पुढे इंग्रजीत प्रस्तावना आहे. आणि नंतरचं मुख्य पुस्तक मराठीत, जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात.

एका पुस्तकात तीन दारं आहेत. इंग्रजी प्रस्तावना कोण वाचणार होतं? सरकारी अधिकारी, मिशनरी, इंग्रजी शिकलेली मंडळी. म्हणून तिच्यात सरकारच्या शिक्षण धोरणावर बोट ठेवलेलं आहे : शेतकऱ्याच्या घामातून आलेल्या पैशावर वरच्या वर्गाचं उच्च शिक्षण चालतं आणि बहुजनांच्या प्राथमिक शाळांकडे दुर्लक्ष होतं. ही तक्रार ज्याच्या हाती तिजोरी आहे त्याच्याच भाषेत केलेली आहे. मराठी संवादात धोंडीबा प्रश्न विचारतो, शंका काढतो, मध्येच अडवतो. ज्याला वाचता येत नाही त्यानं दुसऱ्याकडून ऐकावं, आणि आपल्या मनातली शंका धोंडीबाच्या तोंडून आलेली पाहून पुढे ऐकत राहावं, अशी ती रचना आहे. प्रश्नोत्तराचं पुस्तक मोठ्यानं वाचायला सोपं असतं, दोन माणसांत वाटून घेता येतं.

उरली अर्पणपत्रिका. बोस्टनमधला कुठला गृहस्थ मराठी पुस्तक विकत घेणार होता? जोतीरावांनी तिथेच खुलासा करून ठेवला आहे. आपल्या देशबांधवांनी या अमेरिकनांचा कित्ता गिरवावा आणि आपल्या शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावं, अशी आशा ते व्यक्त करतात. नाव सातासमुद्रापलीकडच्यांचं, बोलणं पुण्यातल्या शेजाऱ्यांना. आणि शूद्रातिशूद्र वाचकाला त्याच ओळींतून आणखी एक गोष्ट कळते : तुझ्या दुःखाला जगात दुसरीकडे एक नाव आहे, आणि तिथे ते संपलंसुद्धा. मला ही अर्पणपत्रिका मराठीतल्या सर्वांत विचारपूर्वक लिहिलेल्या मजकुरांपैकी एक वाटते.

लिहिलेलं कुणासाठी होतं, हा प्रश्न एकदा मुंबईच्या हायकोर्टात उभा राहिला आणि त्यावर एका माणसाची सहा वर्षं गेली. लोकमान्य टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८१च्या जानेवारीत पुण्यात दोन वृत्तपत्रं काढली, मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा'. माणसं तीच, विचार तेच, आणि तरी दोन पत्रं. 'मराठा' इंग्रजी वाचणाऱ्या हिंदी आणि युरोपीय लोकांसाठी, 'केसरी' मराठी मुलखासाठी. पण 'केसरी'ला एक न बोलावलेला वाचक पहिल्यापासून होता. देशी वृत्तपत्रांत काय छापून येतं याचा इंग्रजी गोषवारा सरकार नियमित तयार करवून घेत असे. म्हणजे 'केसरी'तल्या प्रत्येक ओळीवर गावाच्या चावडीवरच्या श्रोत्यांइतकीच सरकारी भाषांतरकाराचीही नजर होती, आणि लिहिणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

१९०८ साली बिहारमधल्या मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. लेख मराठीत. निकाल द्यायला बसवलेल्या जूरीतल्या नऊ नागरिकांपुढे ठेवली गेली ती इंग्रजी भाषांतरं, कारण बहुतेकांना मराठी येत नव्हतं. टिळकांनी स्वतःच बचावाचं भाषण केलं, दिवसामागून दिवस, एकूण २१ तासांहून जास्त. त्यात त्यांनी भाषांतरांवर कडाडून हल्ला चढवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लेखाचा परिणाम मराठी वाचकावर काय झाला असता हे पाहा. ज्याच्यासाठी तो लिहिलाच नव्हता अशा माणसाला, दुसऱ्याच भाषेत तो कसा वाटतो, यावरून न्याय करू नका. मराठीत राजकारणाची भाषा तेव्हा घडत होती. एखादा शब्द मराठी वाचकाला रोजच्या टीकेतला वाटे, इंग्रजीत उतरला की तोच शब्द दारूगोळ्यासारखा वास मारे. सातांनी दोषी ठरवलं, दोघांनी नाही. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ती मंडालेच्या तुरुंगात काढावी लागली.

सरकारी वकिलाच्या बाजूनंही इथे विचार करावा लागतो. टिळक आपल्या खऱ्या वाचकाशी बोलताना ओळींच्या मध्ये बरंच ठेवत, आणि तो वाचक ते बरोबर उचलत असे. सरकारला त्याचंच भय होतं. दोन्ही बाजू एकाच वाचकावरून भांडत होत्या, तो मराठी माणूस होता, आणि जूरीच्या त्या खुर्च्यांवर तो बसलेला नव्हता.

आजच्या कागदांकडे येऊ. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर रोज 'जाहीर नोटीस' असते. "तमाम लोकांस कळविण्यात येते की खालील मिळकत माझे अशील खरेदी करीत आहेत. सदर मिळकतीवर कोणाचाही विक्री, गहाण, दान, वारसा, बोजा वगैरे प्रकारचा हक्क असल्यास १४ दिवसांचे आत लेखी कळवावे. अन्यथा तसा हक्क नाही व असल्यास तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल." मायना आहे तमाम लोकांचा. पण तमाम लोक ते वाचत नाहीत, हे देणाऱ्यालाही माहीत असतं. त्याला हवा असलेला वाचक एखादाच : विसरलेली आत्या, परगावी गेलेला चुलतभाऊ, जुना सावकार. आणि तो समोर आला नाही, तर दुसरा वाचक पुढे येतो : कर्ज देणारी बँक, किंवा उद्या वाद झालाच तर कोर्ट. खरेदीदारानं आपल्या परीनं चौकशी केली होती, हे दाखवायला ते कात्रण फाइलीत जपून ठेवतात.

हे कळलं की नोटीस कशी वाचायची तेही कळतं. 'सोडून दिला आहे असे समजण्यात येईल' हे वाचून अनेकांच्या पोटात गोळा येतो. खासगी वकिलानं पेपरात एवढं छापलं म्हणून कुणाचा हक्क आपोआप बुडत नाही. पण आपल्या गावच्या गट नंबराची नोटीस असेल तर गप्पही बसू नये, कारण ते कात्रण पुढे कुणापुढे ठेवलं जाणार आहे हे आता आपल्याला माहीत आहे. त्याच फाइलीत आपलंही लेखी उत्तर असलेलं बरं. वकिलाला दाखवा, पोच घ्या.

अनोळखी कागद हातात आला की मी आता असं करते. आधी बघते, हा वाचून कुणी काहीतरी करावं अशी अपेक्षा आहे का, आणि ते करणं कुणाच्या हातात आहे. मग जे शब्द न समजावता टाकून दिलेत त्यांवर बोट ठेवते. मग विचारते, हा कागद वाचून झाल्यावर जपून कोण ठेवणार? लग्नपत्रिकेला हा शेवटचा प्रश्न लावून पाहा. तारीख आणि कार्यालयाचा पत्ता दोन ओळींत मावतो. बाकी पत्रिका भरलेली असते 'आपले नम्र'खालच्या नावांनी, आणि कोपऱ्यात 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या भाच्यांच्या लाडक्या नावांनी. पाहुण्यांना त्या नावांचा काही उपयोग नसतो. पण ती ज्यांची नावं आहेत तेच ती पत्रिका कपाटात वीस वर्षं ठेवतात. आपलं नाव आहे का, कितव्या ओळीत आहे, हे आधी बघणाऱ्या काका-मावश्यांसाठी तो निम्मा कागद छापलेला असतो. त्यात मला काही वावगं वाटत नाही. माणसं जोडून ठेवायचं कामही कागदानंच करायचं असतं.

यात चूकही होते. जड भाषा दिसली की मजकूर विद्वानांसाठी आहे असं वाटतं, पण कितीतरी सरकारी पत्रं जड असतात ती केवळ मागच्या पत्रावरून उतरवलेली असतात म्हणून. सोपी भाषा म्हणजे मुलांसाठी, हेही खरं नाही. 'गुलामगिरी'चा संवाद सोपा आहे आणि त्यातला विचार पेलायला भल्याभल्यांना कठीण गेला. आणि आपल्यासाठी नसलेला कागद वाचूच नये असं तर मी मुळीच म्हणणार नाही. औषधाचा तो कागद रुग्णानं वाचायलाच हवा, फक्त डॉक्टरांना विचारायचे प्रश्न शोधण्यासाठी, गोळी घ्यायची की नाही हे परस्पर ठरवण्यासाठी नव्हे. दुसऱ्याची पत्रं वाचूनच तर आपण इतिहास शिकलो.

डॉक्टरांच्या त्या फोननंतर मी आईसाठी एक पुठ्ठा तयार केला. ठळक मराठीत, मोठ्या अक्षरांत : सकाळी नाश्त्यानंतर पांढरी गोळी, रात्री जेवणानंतर गुलाबी. पायांवर सूज दिसली तर मला सांगणे, गोळी आपली आपण बंद न करणे. औषधांच्या डब्यावर चिकटवला आणि मनात म्हटलं, हा तरी नक्की तिच्यासाठी आहे.

आईनं चष्मा लावून वाचला. म्हणाली, "पांढऱ्या दोन आहेत गं. एक रक्तदाबाची, एक कॅल्शियमची. आणि रात्री खोलीत दिवा कुठे लावते मी, गुलाबी कशी दिसायची?" मग तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, पांढऱ्या गोळीच्या पट्टीवर स्वतःच एक गोल काढून त्याला किरणं काढली, आणि दुसऱ्या पट्टीला रबरबँड गुंडाळला, अंधारात हाताला लागेल असा.